अर्धा अंश

वाटणी होऊन आठ वर्षे लोटली, तरी वडिलांची तसबीर एकच राहिली होती. दुकाने दोन झाली, वह्या दोन झाल्या, राहत्या वाड्यातही मधे भिंत आली. पण गादीच्या वर टांगलेली ती कृष्णधवल तसबीर थोरल्या भावाकडेच राहिली आणि धाकट्याने ती कधी मागितली नाही. यंदाच्या चैत्रात धाकट्याचा मुलगा सहज आल्यासारखा आला आणि जाता जाता म्हणाला, "मोठे काका, आजोबांच्या फोटोची एक प्रत मिळाली तर पप्पा दुकानात लावू म्हणत होते."

धाकट्या घराकडून आठ वर्षांत आलेली ही पहिली मागणी होती. थोरल्यांनी त्याच आठवड्यात प्रत काढून आणली. चौकट मात्र बाजारातून विकत आणायची नाही, आपल्या हातांनी करायची, असे त्यांनी ठरविले.

कापडाच्या धंद्यात ४५ वर्षे काढून त्यांनी दुकान मुलाच्या हाती सोपविले होते आणि परसातील पत्र्याच्या खोलीत सुतारकामाची हत्यारे मांडली होती. रंधा, पटाशी, कानस, गुण्या यांच्या जोडीला विजेवर चालणारी एक लहान करवतही होती. तिच्या टेबलाच्या मध्यभागी गोल पाते फिरते आणि पात्याला समांतर अशी खोबण टेबलात कोरलेली असते. त्या खोबणीतून सरकणारे एक साधन यंत्राबरोबरच मिळाले होते. त्याला मायटर गेज म्हणतात. खाली पोलादी दांडी, वर अर्धचंद्राकृती तबकडी, तबकडीवर अंशांच्या खुणा, एक बारीक काटा आणि कोन पक्का करणारी मूठ, एवढाच त्याचा संसार. लाकूड तबकडीच्या सपाट पाठीला टेकवायचे, काटा हव्या त्या अंशावर आणायचा, मूठ आवळायची आणि सारे मिळून पात्याकडे सरकवायचे.

चौकटीचे गणितही सोपे होते. जितक्या बाजू तितक्यांनी १८० ला भागले की प्रत्येक टोकाच्या कापाचा कोन मिळतो. चार बाजूंना ४५ अंश, सहा बाजूंना ३०, आठ बाजूंना साडेबावीस. थोरल्यांनी तीन इंच रुंदीच्या सागवानी पट्ट्या आणल्या. चौकटीचे बाहेरचे माप चोवीस इंच बाय अठरा इंच ठरविले, काटा ४५ वर आणला आणि चार पट्ट्यांची आठ टोके कापली. पट्ट्या सपाट होत्या, त्यामुळे पट्टी उलटी करून दोन्ही टोके एकाच मांडणीत कापता आली.

जमिनीवर जुळणी करताना पहिला कोपरा घट्ट बसला. दुसरा बसला, तिसराही बसला. चौथ्या कोपऱ्यात मात्र दोन पट्ट्यांची तोंडे एकमेकांपासून इंचभर दूर राहिली. पट्ट्यांच्या लांब्या पुन्हा मोजल्या, त्या बरोबर होत्या. मग त्यांनी चारी कोपरे सैल करून पट्ट्याने आवळले. इंचभराचे अंतर मिटले, पण प्रत्येक कोपऱ्याच्या बाहेरच्या टोकाला अर्ध्या सुताहून थोडी जास्त फट उघडली. त्यांनी लाकडाचा भुसा आणि सरस कालवून लांबी केली, फटी भरल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि वरून पॉलिशचा हात दिला. चार हातांवरून पाहणाऱ्याला काही दिसले नसते.

गावातल्या लाकडाच्या वखारीत एक वृद्ध मिस्त्री बसतात. सागवान त्यांच्याकडूनच आणलेले असल्यामुळे चौकट त्यांना दाखवावी, असे थोरल्यांना वाटले. मिस्त्रींनी चौकट हातात घेतली, समोरून पाहिलीच नाही. अंगठ्याचे नख कोपऱ्यावरून फिरविले आणि म्हणाले, "शेठ, ही लांबी पहिल्या पावसात बोलंल."

"काटा तर बरोबर ४५ वर होता," थोरले म्हणाले.

"काटा ४५ वर होता. पातं कितीवर होतं?"

या प्रश्नाला थोरल्यांकडे उत्तर नव्हते.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी परसातल्या खोलीत आले आणि प्रथम त्यांनी यंत्राची पिन विजेच्या बोर्डातून काढून ठेवली. मग तबकडीवरच्या खुणांकडे बोट दाखविले. एवढ्या लहान तबकडीवर एका अंशाची जागा जेमतेम एक मिलिमीटर असते. काटाच त्यातली तिसऱ्या हिश्शाची जागा अडवितो. पाहणारा थोडा डावीकडून झुकला की पाव अंश इकडचा तिकडे होतो, आणि मूठ आवळताना तबकडी किंचित फिरते ती वेगळीच. छापलेली खूण हा कारखान्याने दिलेला अंदाज आहे. कापलेले लाकूड सांगेल तोच खरा कोन. काही तबकड्यांवर सरळ कापाला ० लिहिलेले असते, काहींवर ९०. नवखा माणूस ३० च्या जागी ६० चा काप घेऊन बसतो आणि दोष लाकडाला देतो.

थोरल्यांच्या चौकटीत काय झाले होते, याचा हिशेब मिस्त्रींनी वखारीच्या जुन्या पावतीच्या पाठीवर मांडला. काटा ४५ दाखवीत होता, काप पडत होता साडेचव्वेचाळीसचा. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही. पण एका कोपऱ्यात दोन काप येतात, म्हणजे तिथे एक अंश. चार कोपऱ्यांत आठ काप, म्हणजे चार अंश. तीन कोपरे घट्ट धरले की चारही अंशांचा बोजा चौथ्यावर येतो. चारी कोपऱ्यांत वाटून दिला की प्रत्येक ठिकाणी फट पडते. चूक वाटली गेली, कमी झाली नाही. आठ बाजूंची चौकट असती तर सोळा काप झाले असते आणि अर्ध्या अंशाचे आठ अंश झाले असते.

मग तपासणी सुरू झाली आणि ती थोरल्यांना वाटली होती त्याच्या बरीच मागून सुरू झाली. मिस्त्रींनी कोनाला हातच लावला नाही. आधी पाते खोबणीला समांतर आहे का, हे पाहिले. पात्याच्या एका दातावर खडूची खूण केली, तो दात पुढे असताना खोबणीपासूनचे अंतर मोजले, पाते हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजले. दात तोच हवा, कारण दोन दात सारखे असतीलच असे नाही. त्यानंतर खोबणीतली दांडी हलवून पाहिली. ती कणभर डुगडुगत होती. दांडीच्या बाजूला टोच्याने चार ठिकाणी हलके ठोके दिले. ठोक्याभोवतीचे पोलाद किंचित वर आले आणि डुगडुग थांबली. "दांडी हलती असंल तर कोन लावून काय उपयोग?" ते म्हणाले.

काटकोन तपासण्याची त्यांची रीत थोरल्यांच्या मनात कायमची राहिली. एक रुंद, सरळ कडेची फळी त्यांनी मधोमध कापली. दोन तुकड्यांपैकी एक उलटा केला, दोन्ही तुकडे एका सरळ पट्टीला टेकविले आणि कापलेली तोंडे एकमेकांना लावली. काप खरा काटकोनात असेल तर तोंडे पूर्ण मिटतात. नसेल तर फट दिसते आणि ती चुकीच्या दुप्पट असते, कारण उलटलेला तुकडा तीच चूक विरुद्ध बाजूने दाखवितो. गुण्याही त्यांनी असाच तपासला. फळीच्या कडेला गुण्या टेकवून रेघ मारली, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारली. दोन रेघा एक झाल्या, तेव्हाच त्यांनी तो गुण्या हाती धरला.

याहून सूक्ष्म तपासणी हवी असेल तर फळीच्या चारही कडा ओळीने कापतात. प्रत्येक वेळी नुकतीच कापलेली कड तबकडीच्या पाठीला टेकवायची. चार कडा झाल्या की पहिल्या कडेवरून पाचव्यांदा एक अरुंद पट्टी कापायची आणि तिच्या दोन टोकांची रुंदी मोजायची. पट्टी ४०० मिलिमीटर लांब असून टोकांत ०.८ मिलिमीटरचा फरक आला, तर त्याला चारने भागायचे. मूळ चूक ४०० मिलिमीटरला ०.२ मिलिमीटर निघते. एवढी चूक थेट मोजणे साध्या पट्टीच्या आवाक्यात नसते. तिला चारदा साचू दिले की ती मापात येते.

थोरले त्या रात्री उशिरापर्यंत जागे होते. चूक साचते, हे त्यांना नवीन नव्हते. पण तिला रद्दी फळीवर मुद्दाम साचू द्यावे, म्हणजे ती चौकटीत साचत नाही, ही गोष्ट त्यांनी उभ्या आयुष्यात कधी केली नव्हती.

दोघा भावांचे दुकान एक होते, तेव्हा पेठेतल्या मुख्य दुकानातून स्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानात माल जात असे. थोरले पेठेत, धाकटे स्टँडजवळ. गाठोडी जायची, उरलेले तागे परत यायचे, कधी मापात हात दोन हात कमी भरायचे, कधी घरातल्या लग्नासाठी उचललेले कापड कुणाच्या नावे लिहायचे ते राहून जायचे. दिवाळीला वह्या मिळविताना काही शे रुपयांचा फरक निघे. रुजवात घालायला बसावे, तर गिऱ्हाइकांची गर्दी. फरक उचंत खात्यात टाकला जाई आणि वहीपूजन पार पडे. घरचाच मामला, कोण कुणाला जाब विचारणार? अशी बारा वर्षे गेली. वाटणीच्या वेळी उचंतची बेरीज झाली, तेव्हा ती रक्कम दुकानाच्या मानाने फार मोठी नव्हती. पण ती कुणाकडे निघते, यावर दोन भावांची दोन उत्तरे होती आणि दोघांकडेही आपापली वही होती. मुनीमजींनी मधला आकडा काढून तो दोघांत वाटून दिला. आकडा मिटला. त्यानंतर दोघे एकमेकांच्या दारात सुतक आणि लग्न यांखेरीज आले नाहीत.

लांबी भरलेली चौकट समोर भिंतीला टेकवून ठेवली होती. ती धाकट्याकडे पाठवावी की नाही, याचा निर्णय तिच्याकडे पाहता पाहताच झाला.

दुसऱ्या चौकटीसाठी मिस्त्रींनी घाई करू दिली नाही. वैशाख सरत आला होता, पाऊस तोंडावर होता. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे ४५ अंशांचा सांधा पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला उघडू पाहतो आणि कोरड्या हवेत आतल्या टोकाला. पट्ट्या खोलीत आडव्या रचून ठेवा, हवेशी त्यांची सोयरीक होऊ द्या आणि भाद्रपद संपल्यावर कापा, असे ते म्हणाले. थोरल्यांनी चार महिने वाट पाहिली. मिस्त्रींचे पहिले भाकीत आषाढातच खरे ठरले. जुन्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांतली लांबी तडकून रेघा वर आल्या.

मधल्या काळात ते रद्दी पट्ट्यांवर हात बसवीत राहिले. सातवीतल्या नातीने आपली कंपासपेटी त्यांना आणून दिली. तिच्यातल्या ४५ अंशांच्या गुण्याची एक कड तबकडीच्या पाठीला आणि दुसरी पात्याला लावून कोन जवळपास आणता येतो, हे तिनेच करून पाहिले. मात्र गुण्या पात्याच्या सपाट अंगाला लावायचा, दातांना नव्हे. दात दोन्ही बाजूंना किंचित बाहेर असतात आणि फसवितात. पुढचे सारे कापून पाहायचे. दोन तुकडे कापायचे, कोपरा जुळवायचा, तपासलेल्या गुण्याला लावायचा, आत की बाहेर उजेड दिसतो ते पाहायचे, मूठ अर्धवट सैल करून तबकडीला बोटाच्या टिचकीने हलवायचे, पुन्हा आवळायचे, पुन्हा कापायचे. शेवटच्या केसभर फरकासाठी तबकडीच्या पाठीवर लावलेल्या लाकडी पट्टीच्या एका टोकाखाली वहीच्या कागदाचा चिटोरा सरकवायचा. साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. २०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीखाली त्याने कोन अंशाच्या तीन शतांशांइतका बदलतो.

तिरका काप घेताना पाते लाकडाला बाजूला ओढते, हेही त्यांच्या ध्यानात आले. कोन खरा असूनही काप बिघडतो. तबकडीच्या पाठीवर त्यांनी पॉलिशपेपरची पट्टी चिकटविली, लाकूड दाबून धरण्याची सोय केली आणि समोरासमोरच्या बाजू तंतोतंत सारख्या याव्यात म्हणून टोकाशी अटकावाचा ठोकळा पक्का बसविला.

एक प्रयोग त्यांचा त्यांनाच सुचला आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला. एका पट्टीला साडेचव्वेचाळीसचा आणि दुसरीला साडेपंचेचाळीसचा काप दिला, तर दोन्ही मिळून ९० होतात, कोपरा गुण्याला अचूक लागतो. मग एवढा खटाटोप कशाला? मिस्त्रींनी त्यांना तसा कोपरा करून आणायला सांगितले. कोपरा काटकोनात होता, फट नव्हती, पण तीन इंची पट्ट्यांची कापलेली तोंडे एकमेकांहून जवळजवळ दोन मिलिमीटर लहानमोठी भरली आणि एका पट्टीचे टोक दुसरीच्या पुढे आले. थोरल्यांना आपल्या मुनीमजींचे तेरीजपत्रक आठवले. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली म्हणजे खतावणी बरोबर झाली, असे होत नाही. एक चूक दुसरीला झाकून बसलेली असू शकते. वाटणीच्या वेळी काढलेला मधला आकडा याच जातीचा होता. त्याने बेरीज जुळविली होती. कोणत्या वर्षी, कोणत्या गाठोड्यात काय राहिले, हे दोघांपैकी कुणालाच कळले नव्हते.

आश्विन लागला. चांगल्या सागवानाला हात लावण्यापूर्वी थोरल्यांनी रद्दी पट्ट्यांची एक लहानशी पूर्ण चौकट कापली. आठही कापांची चूक तिथे साचायची ती साचू दिली. चौथा कोपरा मिटला, आणि पातळ कागदाचा चिटोराही फटीत शिरेना. तेव्हाच त्यांनी मुठीला हात न लावता, त्याच मांडणीत सागवानी पट्ट्या कापल्या. जुळणी करताना चौथ्या कोपऱ्याकडे पाहण्यापूर्वी ते क्षणभर थांबले. कोपरा बसला होता. लांबीची वाटी त्या दिवशी उघडावी लागली नाही.

दसऱ्याच्या सकाळी ते चौकट घेऊन स्टँडजवळच्या दुकानात गेले. आठ वर्षांत त्या दुकानाची पायरी त्यांनी चढली नव्हती. धाकट्यांनी गादीवरून उठून नमस्कार केला, मुलाला पाणी आणायला सांगितले आणि चौकट हातात घेतली. वडिलांच्या चेहऱ्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा अंगठा आपोआप कोपऱ्याकडे गेला आणि नख सांध्यावरून फिरले. कापडाचा वाण बोटाने ओळखणाऱ्यांच्या घरातली ती जुनी सवय होती.

"दादा, कुणाकडून करून घेतली?"

"घरीच केली. पहिली बिघडली होती."

धाकट्यांनी चौकट उलटी करून पाठीमागून पाहिली. तिथेही कोपरे मिटलेले होते.

"उचंतच्या त्या बारा वर्षांच्या वह्या माझ्याकडे माळ्यावर आहेत," थोरले म्हणाले. "देण्याघेण्याचा विषय नाही. ते संपलं. पण एकदा ओळीनं बसून पाहावं म्हणतो, पहिल्या वर्षापासून. तुझी वही माझ्याकडे, माझी तुझ्याकडे."

धाकटे लगेच काही बोलले नाहीत. मुलाने पाणी आणले, पेले रिकामे झाले.

"माझ्याकडच्या वह्यांना वाळवी लागलीय थोडी," ते शेवटी म्हणाले. "पण आकडे वाचता येतात. दिवाळीच्या आधी या, दादा. दुपारी गर्दी नसते."

मग त्यांनी मुलाला स्टूल आणायला सांगितले. खिळा ठोकण्यापूर्वी दोघांनी भिंतीशी उभे राहून तसबीर सरळ आहे का, ते एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाहून घेतले.